बारावं स्वयंपाकघर

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी कौटुंबिक संसाधन व्यवस्थापन या विषयात एम.एस्सी. करायला घेतलं आणि घरीदारी सगळ्यांना हसायला निमित्त मिळालं. "घर चालवायला पदवी लागते होय?" हा विनोद मी निदान चाळीस जणांकडून ऐकला. प्रत्येकाला वाटायचं की तो त्यालाच पहिल्यांदा सुचलाय. नवरा म्हणाला, "एकोणीस वर्षं घर चालवून झाल्यावर आता शिकणार? म्हणजे इतके दिवस आम्ही बिनपरवान्याच्या ड्रायव्हरमागे बसलो होतो की काय?" माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे त्याला ठाऊक आहे, म्हणून लगेच सावरून घेतलं त्याने. "कर बाई, कर. पण एक सांगून ठेवतो. घराची आबाळ झाली, की त्या दिवशी हे बंद."

हे ऐकून सासूबाई पदराला हात पुसत आतून आल्या. "स्वयंपाकघर आजपासून माझ्याकडे लागलं," त्या म्हणाल्या. "माझे हातपाय चालतायत तोवर कशी आबाळ होते तेच बघते."

मी त्यांना आई म्हणते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. मशीन अजून खिडकीशी होतं, पण अलीकडे ते बंद होतं. जड चालतं म्हणायच्या. तर माझा सगळा अभ्यास हा असा त्यांच्या स्वयंपाकावर उभा होता. त्या पहाटे उठायच्या, मी वाचत बसायचे, आणि डबा हातात घेऊन कॉलेजला निघताना मला उगाचच शाळकरी झाल्यासारखं वाटायचं.

माझा प्रबंध स्वयंपाकघरातल्या चालण्यावर होता. शेगडी, बेसिन, फ्रिज, फळ्या यांच्यामध्ये बाई किती चालते, आणि वस्तूंच्या जागा बदलल्या तर ते चालणं किती कमी होतं, एवढाच प्रश्न. मोजायची पद्धत जुनी आहे आणि मला फार आवडते. स्वयंपाकघराचा नकाशा बुचाच्या मोठ्या फळ्यावर चिकटवायचा. जिथे जिथे बाई थांबते तिथे टाचणी लावायची. दाराच्या टाचणीला दोरा बांधायचा आणि बाई जशी हलेल तसा तो त्या त्या टाचणीभोवती फिरवत न्यायचा. एक मीटर चालणं म्हणजे वीस सेंटीमीटर दोरा. दोऱ्यावर आधीच शाईने खुणा करून ठेवल्या की उलगडायला नको. बदलाआधी पिवळा दोरा, बदलानंतर निळा. आणि नियम एकच, पण कडक. निरीक्षकाने बोलायचं नाही.

मुकाट्याने बघत बसायचं काम. दोन तास भांड्यांचा आवाज, नळाचा आवाज, चपलांची सपसप, आणि बोटांतून सरकणारा दोरा. थोड्या वेळाने अशी गुंगी यायची की बाई दिसेनाशी व्हायची आणि तिची वाटच तेवढी दिसायची. दुपारी कधी डोळा लागला तर मला घरं वरून दिसायची, कुणी छपरं उचलून बाजूला ठेवल्यासारखी, आणि प्रत्येक घरात एक पिवळी वाट आपली आपण फिरत असायची. शिक्षिकेची वाट सरळ होती. बेकरीवालीची टोकेरी. दोन जावांच्या एका स्वयंपाकघरात तर दोन वाटा एकमेकींना कधी भेटतच नव्हत्या. त्या दोघी बोलत नाहीत हे मला फळ्यावर कळलं, मग कानावर आलं.

अशी बारा स्वयंपाकघरं हवी होती. अकरा झाली. बारावी एक नर्स होती, तिची ऐन वेळी बदली झाली. प्रबंध द्यायला अठरा दिवस उरले होते, आणि नाही दिला तर वर्ष वाया. माझ्या गाईड मॅडमना मी म्हटलं, अकरावर भागवू या का. त्या म्हणाल्या, "बारा म्हणजे बारा." मी दोन दिवस गावभर बाया शोधत फिरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिसऱ्या दिवशी घरी येऊन चप्पल काढताना आतून फोडणीचा आवाज आला आणि मी दारातच थांबले.

आईंना विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं, त्याला कारण होतं. गेले काही महिने त्या माझ्याकडे बघून बोलत नव्हत्या. माझ्या कानाकडे बघून बोलायच्या. चहा देताना, निरोप सांगताना, हसतानासुद्धा. मला वाटलं, झालं, कंटाळल्या. हौसेने जबाबदारी घेतली, आता जड जातेय, आणि तोंडाने सांगवत नाही. मी ते पोटात ठेवलं. पोटात ठेवलेला राग कुजतो, हे मला कुठल्याच पुस्तकात वाचावं लागलं नाही.

"माझं काय बघायचंय त्यात?" आई म्हणाल्या. मग जरा थांबून, "त्यावाचून तुझं अडतंय का?"

"अडतंय."

"मग बस उद्या."

पिवळा दोरा संपला तेव्हा मी फळा हातात धरून खूश झाले होते. इतका वाया जाणारा रस्ता मी अकरा घरांत कुठे पाहिला नव्हता. फ्रिजपासून बेसिन दोन पावलांवर, समोरासमोर. पण आई मधून जातच नव्हत्या. डावा हात ओट्याच्या कडेवर ठेवून, शेगडीला वळसा घालून, भिंतीभिंतीने जायच्या. सगळा दोरा कडेने साचला होता आणि मधली जागा कोरी करकरीत. शिवाय प्रत्येक वळणावर थांबणं. असे एकतीस थांबे झाले. एकूण दोनशे चौदा मीटर. मी वहीत लिहिलं: सवयीमुळे लांबचा मार्ग. वयामुळे थांबे. मधली जागा वापराविना.

वापराविना जागा म्हटली की आमच्या विषयाच्या माणसाचे हात शिवशिवतात. मी शेजारणीकडून चाकांची ट्रॉली मागून आणली आणि दुपारी आई जरा आडव्या झाल्या असताना स्वयंपाकघराच्या बरोबर मधोमध लावली. तांदूळ, मीठ, साखर, तेल, चमचे, सगळं तिच्यावर. फळ्या रिकाम्या केल्या. आई उठल्यावर म्हटलं, "बघा, आता सगळं हाताशी. चालायलाच नको." त्या दारात उभ्या राहून ट्रॉलीच्या जरा बाजूला बघत म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराशी स्टुलावर बसले. मांडीवर फळा, बोटांत निळा दोरा, गळ्यात स्टॉपवॉच. आई आल्या. हात ओट्याच्या कडेला लावून, नेहमीच्या वाटेने शेगडीपाशी गेल्या. उजवा हात वर गेला, तिसऱ्या फळीवर, जिथे वर्षानुवर्षं तांदळाचा डबा असायचा. तिथे काही नव्हतं. हात तसाच वर राहिला.

मी बोलले नाही. निरीक्षकाने बोलायचं नाही.

हात हळूहळू खाली आला. मग त्या वळल्या आणि दोन्ही हात थोडे पुढे धरून, नदीत उतरणारं माणूस टाकतं तशी पावलं टाकत मध्ये आल्या. तिसऱ्या पावलाला ट्रॉली कमरेला लागली, चाकांवर सरकली, आणि तांदळाचा डबा खाली. झाकण लांब जाऊन गोल गोल फिरत राहिलं.

"आई! समोर तर आहे ट्रॉली!"

त्या खाली बसल्या होत्या. तळवा फरशीवरून फिरवत होत्या. तांदूळ डाव्या बाजूला सांडले होते आणि त्यांचा तळवा उजव्या बाजूला फिरत होता.

"किती सांडले गं?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षं निरीक्षण शिकलेल्या मला तो प्रश्न ऐकूच आला नाही. मला फक्त बिघडलेली मोजणी दिसत होती. "सगळे सांडले," मी म्हणाले. "तुम्हाला माझं शिकणं नकोच आहे ना? मग तसं तोंडाने सांगा की. गेले आठ महिने माझ्याकडे धड बघतसुद्धा नाही तुम्ही."

"बघते की," त्या खालूनच म्हणाल्या. "रोज बघते."

मी तांदूळ भरले, धडाधड झाडू मारला आणि फळा घेऊन खोलीत जाऊन बसले.

दुपारी खोलीत ऊन आलं होतं. पलंगावर फळा, फळ्यावर पिवळी वाट आणि तिच्या टोकाशी बिचारा हातभर निळा दोरा. मी त्याकडे बघत पेंगत होते. आई भिंतीच्या कडेकडेने आल्या आणि पलंगावर बसल्या.

"तो फळा दाखव."

"काय करायचंय?"

"माझी वाट आहे ना त्यावर? मग बघू दे मला."

मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्या बघत होत्या खिडकीबाहेर, आणि बोटं फळ्यावर गेली.

"टाचण्या आहेत, लागतील."

"चाळीस वर्षं टाचण्यांतच गेली माझी. हे दार ना? इथे गाठ आहे." बोटं दोऱ्यावरून चालू लागली, अगदी सावकाश, झोपलेल्या मुलाच्या केसांतून फिरवावीत तशी. "हा फ्रिज. हा ओटा. ही शेगडी. इथे केवढा जाड झालाय दोरा, इथे मी फार घुटमळते. हे बेसिन. इथून वळले." एकही जागा चुकली नाही. शेवटी त्यांनी उघडा तळवा मधोमध ठेवला आणि तसाच राहू दिला. "इथे काहीच नाही."

"तिथे तुम्ही जातच नाही."

"हो ना. मलाही अगदी असंच दिसतं."

मला समजलं नाही. त्या खिडकीकडेच बघत सांगत राहिल्या. "जिथे बघावं तिथेच काही नसतं गं. धुकं असतं. कडेकडेचं दिसतं सगळं. तुझ्या तोंडाकडे बघितलं की तोंड जातं. कानाकडे बघितलं की हनुवटी, कपाळ, असं काहीबाही येतं. म्हणून कानाकडे बघते."

खिडकीशी मशीनवर टाकलेलं कापड वाऱ्याने हललं. सुई ओवता येत नव्हती म्हणून ते मशीन बंद होतं. एकतीस थांबे वयाचे नव्हते. त्या घरातला सेंटीमीटर न् सेंटीमीटर मी मोजला होता, आणि जी चालत होती तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी स्वतः होते. मला रडू आलं, आणि माझा स्वभाव असा की रडू आलं की मी भांडते.

"कधीपासून हे?"

"तुझी मागची परीक्षा होती, त्याच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी पुस्तकं कपाटात टाकली असतीस. मी काय तुला ओळखत नाही?" त्यांचा तळवा अजून त्या कोऱ्या जागेवर होता. "मला सातवीतून काढलं तेव्हा आईचं बाळंतपण होतं. घरात एवढी माणसं, पण एकही बाई म्हणाली नाही, की जाऊ दे पोरीला, स्वयंपाकघर माझ्याकडे लागलं. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्यावर वेळ आली तर आपण म्हणायचं. आता पंधरा दिवस थांब. तुझं ते पुस्तक देऊन ये, मग सांग सगळ्यांना."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. टाचण्या कपाळाला लागत होत्या, त्यांनी हळूच फळा बाजूला केला.

पंधरा दिवस मी थांबले नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी खूप वेळ तपासलं. मग म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते सांभाळू. "थोडं आधी आला असतात तर..." एवढं बोलून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वाक्य तिथेच सोडून औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो आईच्या समोर जाऊन बसला, मग माझं बघून जरा बाजूला सरकला. म्हणाला, "आता घराचं कसं?" त्यात टोमणा नव्हता, नुसती काळजी होती. पण ती अट आम्हा तिघांनाही आठवली.

"मी सोडते," मी म्हणाले. आपोआप आलं ते तोंडून.

"माझे आठ महिने पाण्यात घालतेस?" आई कडाडल्या. मी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग लेकाच्या कानाकडे वळून म्हणाल्या, "आणि तू रे. आबाळ आबाळ करत असतोस ना, उद्यापासून भाजी चिरायला ये. बघ कशी असते ती."

तो आला. बटाट्याचे त्याने असे तुकडे केले की एकेकाला वेगळं नाव ठेवता आलं असतं. पण चिरले.

मॅडमना मी सगळं सांगितलं. 'नंतर'ची मोजणी बिघडलीय, अकराच स्वयंपाकघरं धरा, नाहीतर मला नापास करा, असंही तावातावाने म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मोजणी पुन्हा घ्या," त्या म्हणाल्या. "पण सुधारणा कुणासाठी करताय, ते आधी त्यांना विचारा."

मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी तू चालून बघ."

त्यांनी माझ्याच जुन्या ओढणीने माझे डोळे बांधले आणि स्वतः दाराशी स्टुलावर फळा घेऊन बसल्या. मी पाऊल टाकलं आणि एवढंसं स्वयंपाकघर एकदम माळरानाएवढं झालं. फ्रिजची गुणगुण कुठूनतरी लांबून येत होती. उजव्या गालाला ऊब लागली, म्हणजे शेगडी. मानेला गार झुळूक लागली, म्हणजे खिडकी. ओट्याची कड बोटांखाली होती तोवर मी होते. ती सुटली की मीही नाहीशी व्हायचे. तरंगत असल्यासारखं वाटत होतं, आणि भीतीही वाटत होती, आणि मागे कुठेतरी टाचणीभोवती दोरा फिरल्याचा बारीक आवाज येत होता.

"मधून गेलीस," आई म्हणाल्या. त्यांना पावलांवरून कळत होतं. "कडेने ये. घाई नाही."

मग आम्ही ठरवलं. ट्रॉली शेजारणीकडे परत गेली. डबे जुन्या जागी आले. ओट्याच्या कडेला जाड दोरी चिकटवली, तिला शेगडीपाशी एक गाठ, बेसिनपाशी दोन, फळ्यांपाशी तीन. डब्यांच्या झाकणांनाही आईंनी स्वतःच्या हाताने गाठींचे दोरे बांधले. मध्ये काही ठेवायचं नाही, स्टूलसुद्धा नाही, हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. ते नवऱ्यासाठी होतं.

निळा दोरा भरला. दोनशे एकवीस मीटर. म्हणजे सात मीटर वाढले. थांबे एकतीसचे चार झाले. मी ते तसंच लिहिलं, आणि आधी लिहिलेल्या तिन्ही ओळी खोडून कारण खरं लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक सर आले होते. पानं उलटत बाराव्या स्वयंपाकघराशी थांबले. "अकरा ठिकाणी अंतर कमी झालंय. इथे वाढलंय. याला सुधारणा कसं म्हणता?" उत्तर मी आठवडाभर घोकलं होतं. ते बाजूला ठेवलं. मी फळा उचलून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "सर, डोळे मिटून हात लावून बघाल का?" मॅडमनी खाली बघितलं. सरांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि बोटं दोऱ्यावर ठेवली. कडेने गेले, पूर्ण फिरून आले, मधल्या जागेत त्यांचा हात थबकला. मग त्यांनी पुढचं पान उलटलं.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. घरात भाताचा वास होता. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, तर आई डाव्या हाताने दोरीची गाठ चाचपत शेगडीपाशी वळत होत्या. माझी चाहूल लागली तशा थांबल्या.

"झालं?"

"झालं. पास."

त्यांनी गॅस बारीक केला. हात पुसले. मी धावत जाऊन त्यांच्या समोर उभी राहिले, अगदी तोंडासमोर, बक्षीस मिळालेली पोर उभी राहते तशी.

"अगं, समोर नको," आई म्हणाल्या. "समोर आलीस की जातेस तू. जरा बाजूला सरक. खिडकीकडे."

मी दोन पावलं बाजूला सरकले. आईंनी कपाटाकडे नजर लावली, आणि हसल्या, आणि म्हणाल्या, "हं. आता दिसलीस."